जुन्या एसयूव्हीला नवा एअर फिल्टर: निवडायचा कसा, बसवायचा कसा

एअर फिल्टर बदलायचं ठरलं की बहुतेक जण आधी फिल्टर पसंत करतात आणि मग तो डब्यात बसतोय का ते बघतात. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाडीत हा क्रम उलटा हवा. आधी डबा, रबरी नळ्या आणि क्लॅम्प तपासायचे, फिल्टरचं नंतर बघायचं. डब्याचं झाकण मागच्या बाजूने उचललेलं असेल किंवा नळीला तडा गेलेला असेल, तर तुम्ही कितीही नावाजलेला फिल्टर आणा, धूळ त्याला वळसा घालून आत जाणारच.

आत किती हवा जाते याचा आधी अंदाज घेऊ. २ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत २ लिटर हवा ओढतं. म्हणजे ३००० आरपीएमला कागदावर मिनिटाला ३००० लिटर. टर्बो नसलेल्या इंजिनात प्रत्यक्षात २५०० लिटर धरले तरी तासाभराच्या हायवेला दीड लाख लिटर हवा त्या एका डब्यातून जाते. टर्बो असेल तर आणखी. हवा नेहमी सोपी वाट धरते, आणि फिल्टरच्या चुण्यांपेक्षा कडेची फट तिला कधीही सोपी.

झीज करण्यात सगळ्यात वाईट धूळ ती साधारण ५ ते २० मायक्रॉनची. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा, त्यामुळे ही धूळ एकेक कण म्हणून डोळ्याला दिसतच नाही. ती पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलेंडरची आतली भिंत) यांच्या मधल्या तेलाच्या पडद्यात शिरते आणि पॉलिश पेपरचं काम करत राहते. टर्बोच्या गाडीत त्याआधीच कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा खाते. काही हजार किलोमीटरनंतर तेल कमी व्हायला लागतं, ऑइल भरायचं झाकण काढलं की फुसफुस वाढलेली दिसते, थंडीत स्टार्टिंग जड जातं. तोवर कुणाच्याही डोक्यात फिल्टर येत नाही. वापरलेल्या इंजिन तेलाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली तर सिलिकॉनचा आकडा वाढलेला दिसतो. त्याच्या जोडीला ॲल्युमिनियम किंवा लोखंडही वाढलं असेल, तर धूळ आत जातेय असंच धरून चालावं.

ताकद वाढते का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, म्हणून त्याचा निकाल लावून टाकू. गाडीतला मूळ फिल्टर चोक झालेला नसेल तर नुसता फिल्टर बदलून जाणवण्याइतका फरक पडत नाही. मोठा आवाज मात्र नक्की मिळतो, आणि कानाला तो ताकदीसारखा वाटतो.

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली हेच तपासलं. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत चोक झालेल्या फिल्टरमुळे मायलेजवर जवळजवळ परिणाम झाला नाही, पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर पिकअप मंदावला. कारण उघड आहे. पेट्रोल गाडीत थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, मुळातच हवा अडवत असतो. फिल्टर चोक झाला तर तुमचा पाय थोडा जास्त दाबला जातो, थ्रॉटल जास्त उघडतो, हिशोब बरोबर होतो आणि कंप्युटर त्या हवेपुरतंच पेट्रोल देतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत असं सांभाळून घेणारं कुणी नसतं. तिथे फिल्टर चोक झाला की मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं, आणि मायलेज खरोखर पडतं.

डिझेलची गोष्ट वेगळी. जुन्या बहुतेक डिझेल इंजिनात हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, म्हणून फिल्टरचा अडथळा थेट लागतो. चढावर काळा धूर, टर्बो उशिरा उठणं, तापमान वर जाणं, ही त्याची लक्षणं. डिझेलवाल्याने फिल्टर वेळेवर बदलला तर त्याला फरक कळतो. पण तो फरक स्वच्छ फिल्टरचा असतो, महागड्या फिल्टरचा असेलच असं नाही.

कोणता फिल्टर घ्यायचा

साधा कागदी फिल्टर आजही धुळीसाठी उत्तम आहे. बारीक धूळ अडवण्यात चांगला कागद कुणाला हार जात नाही. त्याचं वैर पाण्याशी. भिजला की चुण्या एकमेकींना चिकटतात आणि हवा कोंडते.

सिंथेटिक कापडाचा कोरडा फिल्टर कागदाच्या जवळपास गाळतो, ओल सहन करतो आणि काही कंपन्यांचे धुऊन पुन्हा वापरता येतात. त्याला तेल लागत नाही, त्यामुळे पुढच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरवर तेल बसायची भीती नाही. जुन्या एसयूव्हीला मूळ फिल्टरऐवजी काही वेगळं लावायचंच असेल तर माझं मत याला.

तेल लावलेला सुती जाळीचा फिल्टर सगळ्यात प्रसिद्ध. के अँड एन कंपनीने १९६९ पासून हाच प्रकार घरोघरी पोचवला. हवा मोकळी जाते, वर्षानुवर्षं धुऊन वापरता येतो. पण त्याचं गाळणं तेलावर अवलंबून आहे. तेल कमी पडलं तर धूळ आरपार जाते, जास्त झालं तर ते उडून पुढच्या सेन्सरवर बसतं. ज्याला दर वेळी नीट धुऊन, वाळवून, मोजून तेल लावायचा कंटाळा आहे, त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

तेलात भिजवलेला फोम चिखल आणि पाण्याच्या वाटांवर टिकतो, म्हणून ऑफ-रोडवाल्यांचा लाडका. जुना झाला की मात्र त्याचा भुगा व्हायला लागतो. बोटाने चोळून बघा, कण सुटले तर फेकून द्या, कारण तेच कण इंजिनात जातात.

फारच जुन्या गाडीत तेलाच्या वाटीचा ऑइल बाथ क्लीनर असेल. तो कमी आरपीएमला नीट गाळत नाही, कारण त्यात हवेचा जोर तेलावर आपटावा लागतो. मूळ रूप जपायचं नसेल तर कागदी फिल्टरचा डबा बसवून घेणं शहाणपणाचं.

आणि उघडा कोन फिल्टर? डबा काढून टाकायचा आणि बॉनेटखाली सुळका लावायचा, हे दिसायला भारी. पण बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा तीस-चाळीस अंशांनी गरम असू शकते, आणि हवा सुमारे ३ अंश तापली की तिची घनता १ टक्क्याने कमी होते. म्हणजे मोकळ्या हवेतून मिळालेलं सगळं गरम हवेत जातं. शिवाय मूळ डब्याचं तोंड पाण्यापासून वर, विचार करून ठेवलेलं असतं. कोन खाली लागला आणि गाडी पाण्यातून गेली तर सिलेंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ डब्यात बसणारा फिल्टर घ्या, एवढंच मी म्हणेन.

खोक्यावरचा आकडा

एअर फिल्टरची चाचणी आयएसओ ५०११ या पद्धतीने होते. त्यात तीन गोष्टी मोजतात: किती टक्के धूळ अडवली, चोक होईपर्यंत किती ग्रॅम धूळ पोटात घेतली, आणि हवेला किती अडथळा केला. जाहिरातीत यातला सोयीचा तेवढाच आकडा देतात. ९९.५ आणि ९८.५ टक्के हे वाचायला सारखेच वाटतात. उलट बाजूने मोजा: पहिला शंभरातली अर्धा भाग धूळ सोडतो, दुसरा दीड. म्हणजे इंजिनात तिप्पट धूळ. चाचणी बारीक धुळीवर झाली की जाड धुळीवर, हेही विचारा. जाड धुळीवर आकडा नेहमीच चांगला येतो.

आकडा मिळालाच नाही तर हात आणि डोळे आहेत. जुना आणि नवा फिल्टर शेजारी ठेवून चुण्या मोजा. समजा फिल्टर २५ सेंटीमीटर लांब, चुण्या ५ सेंटीमीटर खोल आणि ४० आहेत. प्रत्येक चुणीला दोन बाजू, म्हणून ४० × २ × ५ × २५, म्हणजे १०,००० चौरस सेंटीमीटर, बरोबर एक चौरस मीटर कागद. त्याच मापाच्या स्वस्त फिल्टरमध्ये २५ चुण्या असतील तर कागद ०.६ चौरस मीटरच्या आसपास. बाहेरून दोन्ही सारखे, पण दुसरा लवकर चोक होणार. चुण्या समान अंतरावर आहेत का, अंगठ्याने हलकं दाबल्यावर आडव्या पडतात का, हे बघा. मग फिल्टरमागे टॉर्च धरा. चुण्यांतून मंद, सारखा उजेड यायला हवा. कागद आणि रबर जिथे चिकटवलंय तिथे टाचणीएवढा लख्ख ठिपका दिसला तर तो फिल्टर परत करा.

शेवटी कडेचं रबर. सपाट टेबलावर दोन्ही फिल्टर ठेवून रबराची उंची बघा. जुन्याचं दबलेलं असतं, तेव्हा नवा त्यापेक्षा थोडा उंच हवा. नवा असूनही जुन्याएवढाच किंवा बुटका असेल तर झाकण त्याला दाबणारच नाही. रबर नखाने दाबून सोडलं की लगेच परत वर यायला हवं.

गाडीत सेन्सर कोणता

हे खरेदीआधी बघायचं. डब्यानंतरच्या नळीवर वायरचा कनेक्टर असलेला छोटा तुकडा बसलेला असेल, तर तो बहुधा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर. त्यातली तार गरम असते, तिच्यावर तेल बसलं की मोजमाप चुकतं. अशा गाडीत तेलाचा फिल्टर जपून वापरायचा, किंवा टाळायचा. जीप चेरोकी एक्सजेच्या ४.० लिटर इंजिनासारख्या गाड्या मॅनिफोल्डमधल्या (सिलेंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांतल्या) दाबावरून हवेचा हिशोब करतात. त्यांना ही अडचण नाही. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेलमध्ये तर असा सेन्सर नसतोच.

बसवणं

इंजिन थंड आणि चावी काढलेली हवी. स्क्रूड्रायव्हर, ८ आणि १० चे सॉकेट, टॉर्च, पांढरं सुती फडकं, व्हॅक्युम क्लीनर, आणि एमएएफ असेल तर त्याचाच क्लीनर स्प्रे. फोनवर सगळ्या नळ्यांचा आणि कनेक्टरचा फोटो काढून ठेवा. जुन्या गाडीत बारीक व्हॅक्युम नळ्या कुठून निघाल्या हे दहा मिनिटांत विसरायला होतं.

झाकण उघडण्याआधी डब्याचा बाहेरचा भाग आणि क्लिपांभोवतीची माती पुसून घ्या. नाहीतर झाकण उचलताच ती स्वच्छ बाजूला पडते. क्लिपा सोडा, झाकण वर घ्या, जुना फिल्टर सरळ बाहेर काढा. त्याला आपटू नका. लगेच इंजिनकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ फडकं खोचा, आणि त्याचं टोक भरपूर बाहेर लोंबत ठेवा, म्हणजे झाकण लावताना ते विसरणं शक्यच होणार नाही.

आता घाईने नवा फिल्टर ठेवू नका. डब्याची स्वच्छ बाजू, म्हणजे फिल्टरनंतरची, टॉर्चने बघा. तिथे काहीच धूळ नको. रेघ किंवा पट्टा दिसला तर तो कुठून सुरू होतो ते पाहा. त्याच टोकाला गळती असते. जुन्या फिल्टरचं रबरही वाचता येतं: झाकण जिथे नीट दाबत होतं तिथे चकचकीत खोलगट खूण, आणि जिथे दाबत नव्हतं तिथे रबर तसंच फुगीर व धुळकट.

मग डब्याची मळकी बाजू व्हॅक्युमने साफ करा, पाला आणि मेलेले किडे काढा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. डब्याच्या तळाशी पाणी जायचं भोक असेल तर ते मोकळं करा. काही गाड्यांत तिथे चपट्या तोंडाचा रबरी डस्ट व्हॉल्व्ह असतो. इंजिनच्या झटक्यांबरोबर तो उघडून जाड धूळ बाहेर टाकतो. रबर कडक झालेलं, फाटलेलं किंवा गायब असेल तर तो नवा घ्या. फार किरकोळ वस्तू आहे, पण तिच्याविना डब्यातली धूळ वेगळी करायची सोय बंद पडते.

नळ्यांसाठी वेळ ठेवा. डबा ते थ्रॉटल किंवा टर्बो यांच्यामधली घडीची रबरी नळी बोटांनी ताणून प्रत्येक घडी उघडा, खालच्या बाजूनेसुद्धा. तडे बहुधा तिथेच असतात, कारण ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये आणणाऱ्या नळीतून) येणारं तेल खाली साचून रबर फुगवतं. इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी माउंटिंग दबून गेले असतील तर इंजिन हलतं आणि नळी रोज ओढली जाते. नवी नळी टाकूनही पुन्हा तडा गेला तर माउंटिंग बघा. टेप गुंडाळणं ही घरी पोचण्यापुरती सोय. खोल तडा असेल तर नळी बदला.

इंजिनच्या व्हॉल्व्ह कव्हरवरून इनटेकच्या नळीला जोडलेली ब्रीदरची नळीही याच साखळीत येते. बाजारातल्या किटमध्ये तिच्यासाठी जागा नसेल तर काही जण ती तशीच उघडी सोडतात. पेट्रोल गाडीत तिच्यातून न गाळलेली हवा इंजिनच्या पोटात जाते. ती फिल्टरनंतरच्या स्वच्छ बाजूलाच जोडायची.

एमएएफ असेल तर कनेक्टर काढून, स्क्रू सोडून सेन्सर बाहेर घ्या. तारेला बोट, फडकं, इअरबड काहीही लावायचं नाही. फक्त एमएएफचा स्प्रे, लांबून, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. कार्ब्युरेटर किंवा ब्रेक क्लीनरने तो कायमचा जाऊ शकतो.

आता फिल्टर. चौकोनी फिल्टर असेल तर वरखाली बघून, रबर खाचेत चौफेर बसवा. झाकण लावताना आधी मागच्या बाजूच्या जिभा खाचांत घाला, मग पुढच्या क्लिपा. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते: मागच्या जिभा खाचेच्या वर राहतात, पुढच्या क्लिपा मात्र छान बसतात, आणि मागे बोट जाईल एवढी फट राहते. ती वरून दिसत नाही. क्लिप लावायला जोर काढावा लागत असेल तर थांबा, कुठेतरी काहीतरी अडकलंय.

गोल डब्यात फिल्टर मधल्या दांड्यावर बसतो आणि पंखाच्या नटाने दाबला जातो. त्या नटाखाली रबरी वॉशर असतो. तो हरवलेला असेल तर दांड्याच्या भोकातून धूळ सरळ आत जाते. नट हातानेच आवळायचा. पाना लावला तर फिल्टरचं पत्र्याचं टोक वाकतं. आत दुसरा बारीक सेफ्टी फिल्टर असेल तर तो साफ करण्याच्या भानगडीत पडू नका. बाहेरचा दोन-तीनदा बदलला की तोही नवा टाकायचा.

शंका असेल तर ही परीक्षा घ्या. झाकणाच्या काठाला बोटाने अगदी पातळ ग्रीस लावा, झाकण बंद करा, क्लिपा लावा, पुन्हा उघडा. नव्या फिल्टरच्या रबरावर ग्रीसची चौकट सलग उमटायला हवी. जिथे तुटली तिथे झाकण वाकलंय किंवा रबर कमी पडतंय. जुनं प्लास्टिकचं झाकण टर्बोच्या उष्णतेने वाकणं नवीन नाही. क्लिपांचा ताण गेला असेल तर त्या बदला. झाकणाला सिलिकॉन सीलंट फासून प्रश्न मिटवू नका. पुढच्या वेळी झाकण निघत नाही, आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला बाधते.

फडकं काढलं का? क्लॅम्प आवळा, इतकेच की नळी हाताने फिरवली तर फिरू नये. जास्त आवळले तर जुनं रबर कापलं जातं.

पहिलं स्टार्टिंग आणि नंतर

गाडी चालू करून बॉनेटजवळ उभे राहा. शिट्टी किंवा सूं-सूं आवाज म्हणजे हवा कुठूनतरी चोरून येतेय. सेन्सरनंतरची गळती असेल तर पेट्रोल गाडीत आयडलिंग वरखाली होतं आणि स्कॅनरवर पी०१७१ हा लीन मिश्रणाचा (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) कोड येऊ शकतो. एमएएफ मळला किंवा हवेचा प्रवाह बिघडला तर पी०१०१. पण फिल्टर आणि सेन्सर यांच्यामध्ये गळती असेल तर काहीच दिवा लागत नाही. सेन्सर ती हवा मोजतोच, फक्त ती न गाळलेली असते. म्हणून स्कॅनर स्वच्छ दाखवतोय यावर समाधान मानू नका. दोन-तीनशे किलोमीटर झाले की एकदा नळी सोडून तिच्या आत पांढरं फडकं फिरवा. ब्रीदरच्या तोंडाशी थोडा तेलकटपणा चालतो. कोरडी, करकरणारी धूळ चालत नाही.

त्यानंतर दर आठवड्याला डबा उघडून बघायची सवय सोडा. नव्या फिल्टरपेक्षा थोडी धूळ बसलेला फिल्टर बारीक कण जास्त चांगले अडवतो, कारण त्या थराचीच चाळणी होते. प्रत्येक वेळी उघडताना मात्र चिमूटभर धूळ पलीकडे जाण्याचा धोका. कंप्रेसरने हवा मारून कागद साफ करणं हेही तसंच. जोराच्या झोताने कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. अगदी अडलंच तर आतून बाहेर, कमी दाबाने, लांबून.

कधी बदलायचा ते रंगावरून ठरवू नका. डिझेल एसयूव्हीला डब्यानंतर रिस्ट्रिक्शन इंडिकेटर बसवून घ्या. तो इंजिनची ओढ पाण्याच्या इंचांत (दाब मोजायचं एक माप) दाखवतो. डिझेलला साधारण २५ इंचांपर्यंत गेला की फिल्टर संपला असं धरतात, तुमच्या इंजिनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. इंडिकेटर नसेल तर पुस्तकातल्या किलोमीटरांवर चाला, आणि कच्च्या रस्त्यावर जास्त चालत असेल तर ते निम्म्यावर आणा.

तेलाचा सुती फिल्टर धुताना पाणी आतून बाहेर, कमी जोराने सोडायचं. पेट्रोल किंवा रॉकेल नको, चिकटवलेलं सुटतं. सावलीत पूर्ण वाळवा, हीट गन किंवा हवेचा झोत नको. मग प्रत्येक चुणीच्या माथ्यावर तेलाची एक बारीक रेघ, आणि वीसेक मिनिटं वाट बघा. तेल आपोआप पसरतं. पांढरे राहिलेले ठिपके तेवढेच पुन्हा भरा. तेल टपकत असेल तर फिल्टर गाडीत घालू नका, रात्रभर कागदावर उभा ठेवा.